कर्नलसाहेबांना रायफल खोलता-जोडता यायलाच हवी का?

सेटवाला (मानपाडा, ठाणे)

मी सिग्नल कोरमधून (फौजेचं संदेश-दळणवळण सांभाळणारं दल) सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मैदानावर पळवतो. परवा त्यातल्या एकाने विचारलं, "काका, हे सगळं साहेबलोकांना पण करावं लागतं, की एकदा खांद्यावर स्टार लागले की सुटले?" मी त्याला उत्तर दिलं, पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत ठाम आहे. ज्याच्या हुकमावर माणसं जीव धोक्यात घालतात त्याला त्या माणसांचं मूळ काम स्वतःच्या हाताने करता आलंच पाहिजे. स्वतःचं हत्यार खोलणं-जोडणं आणि नेम लावणं, रात्री नकाशा-होकायंत्रावर वाट काढणं, रेडिओ सेट लावून नेटवर, म्हणजे रेडिओच्या जाळ्यावर, बोलणं, जखमीचं रक्त थांबवणं. लेफ्टनंटपासून कर्नलपर्यंत कुणालाही झोपेतून उठवून या चार गोष्टी करायला सांगाव्यात. ब्रिगेडियरच्या वर अपेक्षा वेगळी असेल, पण अजिबात नसावी असं नाही.

दोन प्रसंग सांगतो. उंचावरची एक चौकी. तिथल्या थंडीत बॅटरी बघता बघता बसते. नवे सीओसाहेब (कमांडिंग ऑफिसर) आले, चहा बाजूला ठेवून आधी आमच्या बंकरमध्ये वाकून शिरले. पहिला प्रश्न, "जादा बॅटऱ्या कुठे ठेवता?" ऑपरेटरने लोखंडी पेटीकडे बोट दाखवलं. साहेबांनी हातमोजा काढून एक बॅटरी चाचपली, कोटाची चेन उघडून ती आत छातीशी सरकवली. म्हणाले, "रात्री हिला घेऊन झोपायचं." बाकी एक शब्द नाही. हे कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं, कधीतरी त्यांनी स्वतः रात्रभर सेट सांभाळला होता.

दुसरा प्रसंग वाळवंटातल्या सरावाचा. वेगळे साहेब, अतिशय हुशार, नकाशावरची योजना बघत राहावी अशी. रात्री हुकूम आला, वीस मिनिटांत ठाणं हलवा. अँटेनाचा मास्ट, म्हणजे उंच खांब, उतरवायचा, चारी बाजूंचे ताणाचे दोर सोडायचे, अंधारात केबल गुंडाळायची, वीस मिनिटांत हे होत नाही. सांगितलं तर "बहाणे नकोत." शेवटी केबल तिथेच टाकून निघालो आणि पुढे जवळजवळ अर्धी रात्र आमचं मुख्यालय नेटवर मुकं होतं. साहेबांच्या बुद्धीला मी नावं ठेवत नाही. त्यांच्या हातून तो मास्ट कधी कुणी उतरवून घेतलाच नव्हता.

तुमचं काय मत? फौजेतलेच अनुभव हवेत असं नाही. पोलीस, अग्निशमन, जहाज, दवाखाना, सगळं चालेल.

---

तलावपाळी

सुभेदारसाहेब, सलाम. बॅटरी कुशीत घेऊन झोपायचं हे आमच्या घरी मोबाईलच्या बाबतीत मुलं न शिकवता करतात! गंमत बाजूला, धागा वाचतोय. फौजेतल्या लोकांनी सविस्तर लिहा.

---

खारघरची_टेकडी

काका, आदर ठेवून असहमत.

सेनापतीचं काम निर्णय घेण्याचं. त्याच्याकडे सगळ्यात कमी असतो तो वेळ. तो वेळ रेंजवर घालवायचा की शत्रू उद्या काय करेल यावर? मोठ्या हॉटेलच्या मालकाने रोज डोसे घालायला उभं राहावं असं आपण म्हणत नाही. मी आयटीत आहे, साठ-सत्तर जणांची टीम सांभाळतो. कोड लिहिणं सुटलं त्याला बरीच वर्षं झाली आणि टीम उत्तम चालते.

इतिहासातलंच उदाहरण घ्या. आयझेनहॉवर पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेच नव्हते. १९१८ मध्ये ते अमेरिकेतच, गेटिसबर्गजवळच्या छावणीत रणगाडा दलाच्या लोकांना शिकवत होते. त्याच माणसाने ६ जून १९४४ ला नॉर्मंडीची मोहीम पेलली. तिथे उपयोगी पडलं ते वेगवेगळ्या देशांच्या, एकमेकांशी न पटणाऱ्या सेनापतींना एकत्र बांधून ठेवणं. त्यांची नेमबाजी कशी होती हे कुणीही विचारलं नाही.

---

नौपाडा_नाका

खारघरची_टेकडी यांच्या बाजूने आपल्याच घरातलं उदाहरण देतो.

प्रतापराव गुजर. स्वराज्याचे सरनौबत, तलवारबाजीत आणि घोडदौडीत कुणाला हार न जाणारे. बहलोलखानाला उमराणीला कोंडीत पकडून सोडून दिलं म्हणून महाराज रागावले, तो राग प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड. मागे सैन्य असताना फक्त सहा जणांना घेऊन ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण पडले. त्या शौर्यापुढे मान झुकतेच. पण राज्याभिषेक तोंडावर असताना स्वराज्याने सरसेनापती गमावला, हेही तितकंच खरं. पुढे हंबीरराव मोहित्यांना ती जबाबदारी घ्यावी लागली.

म्हणजे हातात कसब असलेल्या सेनापतीला स्वतः तलवार उपसण्याचा मोह होतो. ज्याच्या हातात ते नाही तो निदान मागे उभा राहून फौज हलवतो.

---

सेटवाला

नौपाडा_नाका, उदाहरण तोलामोलाचं आहे, पण एक फरक करा. काम येणं वेगळं, आणि ते सोडून दुसऱ्याचं काम करत बसणं वेगळं. माझ्या त्या पहिल्या सीओंनी सेट हातात घेऊन ऑपरेटरला बाजूला बसवलं नाही. एक प्रश्न विचारला आणि निघून गेले. तो प्रश्न सुचायला हात मळलेले लागतात.

खारघरची_टेकडी, तुमच्या हॉटेलच्या मालकाला पीठ आंबलंय की नाही हे वासावरून कळतं का? कळत असेल तर माझं काही म्हणणं नाही. मला एवढंच हवं आहे.

---

कोलशेतकर

आमच्या घराच्या जवळच वायुसेनेचं ठाणं आहे, त्यामुळे लहानपणापासून या विषयाचं वेड.

हवाई दलात हा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे. एअर चीफ मार्शल बी. एस. धनोआ हवाई दलप्रमुख असताना स्वतः मिग-२१ उडवायचे. २ सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटहून अभिनंदन वर्धमान यांच्यासोबत त्यांनी मिग-२१ च्या दोन आसनी विमानातून उड्डाण केलं. हेच धनोआ १९९९ च्या कारगिल युद्धात १७ स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हाही त्या वेळचे प्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः ते विमान उडवलं.

प्रमुख उडवतो म्हटल्यावर खालच्या कुठल्या ग्रुप कॅप्टनची हिंमत आहे 'मला कार्यालयात काम आहे' म्हणायची!

---

खारघरची_टेकडी

कोलशेतकर, हे समारंभ झाले. आधी तयारी, सोबत निवडक लोक, हवामान बघून ठरवलेली वेळ. त्यातून मनोबल वाढतं, मान्य. पण वर्षातून एखाद्या उड्डाणाने माणूस युद्धात लढण्याइतका सरावात राहतो असं हवाई दलही म्हणणार नाही.

---

कोलशेतकर

बरोबर, आणि म्हणूनच तिथे 'करंट' असणं मोजलं जातं. वैमानिक ठरावीक काळ उडला नाही तर त्याला थेट एकट्याने जाऊ देत नाहीत, आधी प्रशिक्षकासोबत तपासणीचं उड्डाण. मग तो स्क्वाड्रनमधला पोरगा असो की मुख्यालयातून आलेला एअर कमोडोर. विमानाला हुद्दा समजत नाही. जमिनीवरच्या फौजेत ही सोय नाही, रायफल विसरली तरी ती लगेच खाली पाडत नाही. विसरल्याचं कळतं ते फार उशिरा.

---

नांगर (नेरुळ)

मी मर्चंट नेव्हीत कॅप्टन होतो. या प्रश्नाचं सगळ्यात महाग उत्तर समुद्राने दिलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

२०१७ साल. १७ जूनला जपानजवळ अमेरिकी नौदलाची विनाशिका 'फिट्झगेराल्ड' एका कंटेनर जहाजाला धडकली, ७ नौसैनिक गेले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅककेन' ही दुसरी विनाशिका तेलवाहू जहाजाला धडकली, १० गेले. जगातलं सगळ्यात ताकदवान नौदल, शांततेचा काळ आणि समोर व्यापारी जहाजं.

'मॅककेन'वर काय झालं ते नीट बघा. पहाटेची वेळ, गर्दीचा जलमार्ग, कॅप्टन स्वतः ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, हजर. सुकाणू धरणाऱ्या पोराला सुकाणू आणि वेग दोन्ही सांभाळताना अडचण होतेय असं दिसल्यावर कॅप्टनने वेगाचं नियंत्रण शेजारच्या पॅनेलवर द्यायला सांगितलं. टचस्क्रीनवर ते करताना सुकाणूचं नियंत्रणही नकळत तिकडे गेलं. पोराला वाटलं सुकाणू बंद पडलं. वेग कमी करा म्हटलं तर दोनपैकी एकाच बाजूचा कमी झाला आणि जहाज वळून थेट टँकरच्या वाटेत आलं. ब्रिजवर इतकी माणसं असून पॅनेलवर नेमकं काय चाललंय हे कुणालाच वेळेत उमगलं नाही. चौकशीत निघालं की ज्यांनी इतरांना ते पॅनेल शिकवायचं, त्यांचंच त्यावरचं ज्ञान अपुरं होतं.

याची मुळं मागे जातात. २००३ मध्ये त्या नौदलाने नव्या अधिकाऱ्यांचा काही महिन्यांचा वर्ग बंद केला आणि हातात सीडी दिल्या, जहाजावर जा आणि काम करता करता शिका. पैसा वाचला. सीडीवर शिकलेली ती पोरं पुढे हुद्दे चढत गेली. म्हणून मी म्हणतो, मूळ कसब गेलं की ते एका माणसाचं जात नाही. तो पुढे ज्यांना शिकवणार त्यांचंही जातं.

व्यापारी जहाजांवर आमच्याकडे एक चांगला नियम आहे. आग विझवणं, बुडत्या जहाजातून जीव वाचवणं, ही मूळ प्रशिक्षणं दर पाच वर्षांनी ताजी करावी लागतात, कॅप्टनपासून नव्या खलाशापर्यंत सगळ्यांना. नवी मुंबईतल्या एका केंद्रात मी असा शेवटचा कोर्स केला तेव्हा केस पांढरे झाले होते. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, धुराने भरलेली खोली, डोळ्यांपुढे स्वतःचा हात दिसत नाही. डावा हात भिंतीवर, पाय घासत पुढे. माझ्या पुढे एक विशीतला पोरगा होता. बाहेर आल्यावर प्रशिक्षकाने त्याच्यादेखत मला सुनावलं, "कॅप्टन, सिलिंडरचा गेज बघितला नाहीत." ते ऐकताना मला कमीपणा वाटला नाही. पुढच्या जहाजावर आगीच्या कवायतीत मी सगळ्यात आधी प्रत्येकाचा गेज बघायला लागलो.

---

तलावपाळी

नांगर, अंगावर काटा आला.

---

कळव्याचा_मोटरमन

रेल्वेत हेच. आमच्या केबिनमध्ये शेजारी येऊन बसणारा लोको इन्स्पेक्टर मुळात गाडी चालवूनच वर आलेला असतो. पारसिकच्या बाजूने येताना मी ब्रेक किती आधी लावला हे त्याला घड्याळ न बघता कळतं. अशा माणसाने कान धरला तर राग येत नाही. कधीही गाडी न चालवलेला साहेब नुसते आकडे बघून बोलतो तेव्हा येतो.

---

तलावपाळी

मोटरमनदादा, आता तुम्ही सापडलाच आहात तर ८.२२ ची फास्ट रोज उशिरा का, तेही सांगून टाका!

---

कळव्याचा_मोटरमन

त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येतो. इथे फौजेचं चालू द्या.

---

सॅपरची_लेक (घणसोली)

माझे वडील बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेच्या इंजिनिअर दलात) होते, बालपण खडकीला गेलं. आमच्या घरात एकच तसबीर देवघराच्या उंचीला होती, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची. या धाग्यावर त्यांचं नाव अजून कसं आलं नाही?

कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये साधे जवान म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे न्यायचे आणि वाटेत शत्रूने पेरलेले सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, उडवलेले पूल. ८ एप्रिलला काम सुरू होतानाच मारा झाला, दोन सॅपर गेले, पाच जखमी झाले, त्यात स्वतः राणे होते. मलमपट्टी केली आणि पुन्हा कामाला लागले. गोळीबार चालू असताना ते रणगाड्याच्या खाली रांगत गेले, रणगाडा चालत होता तसे त्याच्यासोबत सरकत, आणि दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी रणगाडा सुरुंगांमधून सुखरूप पुढे नेला. ११ तारखेपर्यंत हे चालू होतं. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक.

आता नौपाडा_नाका यांचं म्हणणं इथे लावून बघा. त्यांनी जवानाचं काम केलं का? केलं. फौज वाऱ्यावर सोडली का? नाही. त्या तुकडीचं नेतृत्व म्हणजेच सुरुंग काढणं होतं. आणि ते हात आठ वर्षं सॅपरचंच काम करत आलेले होते.

बाबा सांगायचे, सुरुंग शोधताना सळई जमिनीत तिरकी घालायची, उभी नाही. उभी घातली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब येतो. तिरकी घातली तर त्याच्या कडेला लागते. त्यांच्या कंपनीत नवा अधिकारी आला की त्याला पहिले काही दिवस जवानांच्या रांगेत, पोटावर पडून हेच करायला लावत. उस्ताद हवालदार असे आणि साहेबाला "साहेब, कोपर खाली" असं बिनदिक्कत सांगत असे.

---

नांगर

सॅपरची_लेक, मनापासून नमस्कार. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली होती, त्यात राणे यांच्या नावाचंही जहाज होतं. बंदरात ते नाव वाचून जहाज आत आणणारे परदेशी पायलट विचारायचे हे कोण, आणि मग ब्रिजवर ही गोष्ट सांगितली जायची.

---

हिरवं_घर (सीवूड्स)

माझे यजमान पायदळात अधिकारी आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. कौशल्य टिकवायची इच्छा नसते असं नाही. नोकरीचा आराखडाच असा आहे.

लेफ्टनंट, कॅप्टन असताना अधिकारी दिवसरात्र जवानांसोबत असतो. मग कुठल्यातरी मुख्यालयात नेमणूक होते. टेबल, फायली, सादरीकरणं, बैठका. मग पुन्हा पलटण. मग कोर्स. मग पुन्हा मुख्यालय. कर्नल झाल्यावर पलटणीची कमान हातात येते ती साधारण दोन-अडीच वर्षं, आणि त्याआधी बऱ्याचदा मोठा काळ टेबलामागे गेलेला असतो. मधल्या काळात हत्यारं बदलतात. यजमानांची सुरुवात इन्सासवर झाली, ५.५६ मिलिमीटर. पुढे सिग ७१६ आली, ती ७.६२ ची, खांद्याला बसणारा झटका वेगळा. आता अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३. शिवाय ड्रोन. जे हाताला सवयीचं होतं ते कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, राहिलंच नाही, तर 'टिकवायचं' काय? दर वेळी नव्याने शिकावं लागतं, तेही आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोराकडून.

शरीराची परीक्षा आहेच. बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत सामान आणि रायफल घेऊन पाच किलोमीटर, नंतर साठ मीटरची धाव, दोर चढणं, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं असायचं. त्यासाठी हे पहाटे पाम बीच रोडच्या कडेने धावायचे. पण धावणं मोजतात तितक्याच कडकपणे नकाशा, रेडिओ आणि प्रथमोपचार मोजतात का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या बघण्यात तरी नाही. जे मोजलं जातं त्यासाठी माणूस वेळ काढतो.

आणि एक सांगते. यजमान पलटणीत परतले तेव्हा पहिल्या आठवड्यात कोतमध्ये जमिनीवर बसून नव्या रायफलचं खोलणं-जोडणं एका नाईककडून शिकून आले. त्या दिवशी घरी फोनवर आवाज वेगळाच होता. मोठं पद मिळाल्याच्या दिवशीही इतका आनंद ऐकला नव्हता.

---

वागळे_इस्टेट_डॉक्टर

वैद्यकीय बाजूने थोडं. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं तंत्र शिकवलं की लोकांना वाटतं आता आयुष्यभर आलं. काही महिन्यांतच दाबाची खोली आणि लय दोन्ही बिघडायला लागतात, अगदी आमच्या क्षेत्रातल्या लोकांचीसुद्धा. म्हणून ते ठरावीक काळाने पुन्हा करून दाखवावं लागतं. मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त वाहत असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. त्या वेळी टूर्निके (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) बांधणारा माणूस बहुतेकदा डॉक्टर नसतो, जो शेजारी असेल तो असतो. शेजारी कर्नल असेल तर कर्नल. सुभेदारसाहेबांच्या चारपैकी चौथ्या गोष्टीला हुद्द्याची सूट देताच येत नाही.

---

खारघरची_टेकडी

सगळं वाचलं. नांगर आणि हिरवं_घर यांचे प्रतिसाद फार मोलाचे. तरीही माझा मुद्दा उभा आहे असं वाटतं, फक्त तो कुठे लागू होतो ते नेमकं करतो.

'मॅककेन'चा कॅप्टन एका जहाजाचा प्रमुख होता, राणे एका तुकडीचे. या पातळीवर कसब हवंच, त्यावर वाद नाही. मी बोलतोय ते डिव्हिजन, कोअर, कमांड अशा हजारो जवानांच्या मोठ्या फौजांबद्दल. तिथल्या माणसाने रेडिओ सेट लावण्यापेक्षा रसद, हवामान, गुप्तवार्ता, मित्रदलांशी संबंध यांतलं आपलं कसब तल्लख ठेवावं. त्याच्यासाठी तेच मूळ काम. आणि ती परीक्षा कुणी घेत नाही, हे जास्त धोक्याचं नाही का?

---

नौपाडा_नाका

खारघरकर, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं बोललात. पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१, दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे झुकलेलं. विश्वासराव पडले, आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, गर्दीत घुसले. हत्तीवर सेनापती दिसेना म्हटल्यावर फौजेचा धीर सुटला. भाऊंच्या तलवारीत काही कमी नव्हतं. कमी पडलं ते महिनोन्‌महिने आधीच. रसद तुटली, बुणगे (न लढणारी माणसं) आणि यात्रेकरू सोबत, फौज उपाशी. त्या पातळीवरचं मूळ काम ते होतं.

---

सॅपरची_लेक

पण उपाशी फौज किती तास लढू शकते, उपाशी घोडा किती पळतो, हे कुणाला कळतं? ज्याने कधी उपाशीपोटी कूच केली आहे त्याला. दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करताय, त्या तितक्या वेगळ्या नाहीत.

---

सेटवाला

मंडळी, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. दोन दिवस मैदानावरून आल्यावर हेच वाचत होतो.

खारघरची_टेकडी, वरच्या पातळीचं मूळ काम वेगळं, हे मला मान्य आहे. माझी मागणी तिथे थोडी निराळी. जनरलने मास्ट उतरवायला शिकावं असं नाही. पण मास्ट उतरवायला किती वेळ लागतो, बर्फात एक स्ट्रेचर चढावरून खाली आणायला किती माणसं लागतात, नव्या रायफलच्या किती गोळ्या एक जवान पाठीवर वाहू शकतो, हे त्याच्या अंगाला माहीत असावं. योजनेतला प्रत्येक आकडा यातूनच येतो. आणि हे ज्ञान शिळं होतं. हिरवं_घर ताईंनी लिहिलंय तसं हत्यार बदलतं, सेट बदलतो, जवानही बदलतो. १९९० ची वजनं आणि वेळा डोक्यात ठेवून आजची योजना आखली तर ती कागदावरच बरोबर येते.

आजकाल ते जास्तच गरजेचं आहे. २०२२ पासून अग्निवीर येतायत, चार वर्षांसाठी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होणार. पलटणीत तरुण हात वाढतील, पण बारा-पंधरा वर्षं मुरलेल्या नाईक-हवालदारांचा आधार पूर्वीइतका दाट राहील का, याची मला काळजी आहे. पूर्वी साहेबाला नाही आलं तर हवालदार सांभाळून घ्यायचा. पुढे साहेबालाच जास्त सांभाळावं लागेल.

म्हणून माझा साधा प्रस्ताव. मुख्यालयातून पलटणीत जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने रुजू होताना या चार गोष्टी नव्या सामानावर करून दाखवाव्यात, वैमानिक करतात तसं. वरच्या साहेबांनी वर्षातून एखादी रात्र एका सेक्शनसोबत, म्हणजे जवानांच्या लहानशा तुकडीसोबत, काढावी, पाहुणे म्हणून नाही, सामान पाठीवर घेऊन.

---

खारघरची_टेकडी

रुजू होताना परीक्षा, हे पटतंय. पण नापास झाला तर? कमान काढून घेणार? तसं केलं तर उत्तम योजना आखणारा माणूस एका रेडिओ सेटपायी घरी बसेल. काहीच केलं नाही तर परीक्षेला अर्थ काय?

---

नांगर

आमच्याकडे प्रमाणपत्राची मुदत संपली की जहाजावर पाऊल ठेवता येत नाही, मग कितीही थोर कॅप्टन असो. कोर्स करायचा आणि मग चढायचं. कुणी घरी बसत नाही, सगळे वेळेत करतात.

---

हिरवं_घर

नापासाला महिनाभराची मुदत आणि पुन्हा परीक्षा, एवढं पुरे. माझा आग्रह वेगळ्या गोष्टीवर आहे. ही परीक्षा बंद खोलीत अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांची घेऊ नये. त्याच पलटणीच्या उस्तादाने, जवान बघत असताना घ्यावी. पहिल्या फेरीत चुकलं तरी चालेल. यजमानांना विचारलं, ते म्हणाले चालेल. त्यांच्या एका मित्राचं मत मात्र अगदी उलटं आहे, जवानांसमोर चुकलेल्या साहेबाचा हुकूम लढाईत पाळला जाणार नाही असं ते म्हणतात. सुभेदारसाहेब, तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे होतात. तुमच्या पोरांना काय वाटलं असतं?

---

सेटवाला

ताई, जवानाला साहेबाचं काय येतं आणि काय येत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं असतं, परीक्षा घ्या किंवा घेऊ नका. समोर बसून शिकणाऱ्या साहेबाबद्दल लंगरमध्ये जे बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. उस्तादानेच घ्यावी, आणि सगळ्यांसमोर घ्यावी.